ट्यूब की ट्यूबलेस? आधी काटा ओळखा

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे 'म्हणजे बघा' आणि 'काय झालं ना' होतं, ते थोडं छाटलंय. बाकी बोललो तसंच ठेवलंय. ज्यांचा इयरफोन हरवलाय किंवा जे बसमध्ये उभ्या उभ्या वाचतात, त्यांच्यासाठी.

आजचा प्रश्न सायकलवाल्या प्रत्येक ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी येतो. "दादा, सायकल ट्यूबलेस करू का?" त्याखाली दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "कर, पंक्चरचं टेन्शनच संपतं." दुसरी म्हणते, "नको, नुसता चिकचिकाट आणि खर्च." गंमत म्हणजे दोन्ही पार्ट्या आपापल्या रस्त्यापुरत्या बरोबर असतात. पण ते ज्या रस्त्यावर चालवतात तो रस्ता तुमचा असेलच असं नाही.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्या कामात एक सवय लागते. एखादी गोष्ट 'चांगली की वाईट' हे नंतर विचारायचं. आधी विचारायचं, ही बंद कशी पडते, आणि बंद पडल्यावर पुढे काय? सर्व्हर कधी ना कधी पडतोच, टायरही पडतो. म्हणून आज हेच दोन प्रश्न घेऊन आपल्या अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांवर फिरूया.

मोटरसायकलचं ट्यूबलेस वेगळं, सायकलचं वेगळं

पहिला गोंधळ इथेच होतो. घरी स्कूटी आहे, तिला ट्यूबलेस टायर आहेत. खिळा घुसला तरी दोन दिवस गाडी चालते. मग वाटतं, सायकललाही तसंच होईल.

तसं होत नाही. स्कूटीच्या टायरचं रबर जाड असतं. खिळा आत घुसला की ते रबर खिळ्याला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे हवा हळूहळू जाते. म्हणजे खिळाच बूच बनतो. सायकलचा टायर त्या मानाने पातळ, बऱ्याच ठिकाणी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. शिवाय रोड सायकलमध्ये हवेचा दाब स्कूटीच्या दुपटीहून जास्त असतो. इथे खिळ्याला धरून ठेवायला काही नाही.

म्हणून सायकलच्या ट्यूबलेसचं खरं काम टायर करत नाही, आतलं पातळ औषध करतं. त्याला सीलंट म्हणतात. बहुतेक सीलंट रबराच्या चिकापासून बनतात. वडाचं पान तोडल्यावर पांढरा चीक येतो आणि हवेत जरा वेळाने घट्ट होतो, तसंच काहीसं. टायरला भोक पडलं की हवेबरोबर सीलंट तिकडे धावतं. त्यातले बारीक कण भोकात अडकतात, चीक त्यांच्याभोवती घट्ट होतो आणि भोक बंद. चाक फिरत असेल तर हे काही सेकंदांत होतं. अनेकदा आपल्याला कळतही नाही. घरी आल्यावर टायरवर एक ओला ठिपका दिसतो, तेवढंच.

सायकलमध्ये ही पद्धत नीट आकाराला आली ती १९९९ साली. माविक, हचिन्सन आणि मिशेलिन या फ्रेंच कंपन्यांनी माउंटन बाइकसाठी रिम आणि टायर एकमेकांत हवाबंद बसेल असं एक मानक आणलं. त्याआधी शंभरेक वर्षं सायकल म्हणजे टायर आणि आत ट्यूब, हेच गणित होतं.

पंक्चर तीन प्रकारचं असतं

ग्रुपवर सगळे 'पंक्चर' हा एकच शब्द वापरतात. त्याचे तीन भाग केले की निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

पहिलं, काट्याचं पंक्चर. काटा, तार, बारीक काच. भोक लहान, एक-दोन मिलिमीटरचं.

दुसरं, चिमट्याचं पंक्चर. हवा कमी आहे, चाक जोरात खड्ड्याच्या कडेवर आदळलं, आणि ट्यूब रिम आणि रस्त्याच्या मध्ये चिमटली गेली. ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन भोकं दिसतात, साप चावल्यासारखी. हे ट्यूबलेसमध्ये होत नाही, कारण चिमटायला ट्यूबच नाही. म्हणूनच ट्यूबलेसवाले हवा कमी ठेवू शकतात. माउंटन बाइकला ट्यूब असेल तर ३० ते ४० पीएसआय, ट्यूबलेस असेल तर साधारण २२ ते २८. हवा कमी म्हणजे पकड जास्त, हादरे कमी.

तिसरं, चीर. फुटलेली बाटली, पत्र्याची कड, दगडाची धार. टायरच कापला जातो. इथे सीलंट सहसा हरतं. पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे गेलं की औषध नुसतं उडत राहतं, आणि तुमच्या पाठीवर पांढरी नक्षी निघते.

आता स्वतःला विचारा, गेल्या वर्षभरात तुमची पंक्चरं यातली कोणती होती? आठवत नसेल तर पंक्चर काढणाऱ्या भाऊंना विचारा. त्यांना सगळं पाठ असतं. आमच्याकडचे एक भाऊ ट्यूब पाण्यात बुडवायच्या आधीच टायरवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "सराटाच हाय पाहा." आणि असतोच.

आपला सराटा आणि त्यांचा गोटहेड

तर सराटा. काही जण त्याला गोखरू म्हणतात. पावसाळ्यात जमिनीला चिकटून पसरणारी, बारीक पिवळ्या फुलांची वेल. पडीक जागा, शेताचे बांध, रस्त्याच्या कडेची मोकळी पट्टी, क्रिकेटचं मैदान, सगळीकडे. पाऊस संपला की फळं वाळतात. एक फळ पाच तुकड्यांत फुटतं, आणि प्रत्येक तुकड्याला दोन मोठे कडक काटे. तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर तोंड करून राहतोच. म्हणून दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत आपल्याकडे पंक्चरचा सीझन असतो.

हीच वनस्पती जगात फिरत फिरत अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत पोचली. तिथे तिला गोटहेड, म्हणजे बकऱ्याचं डोकं म्हणतात, कारण दोन काट्यांमुळे तुकडा शिंगवाल्या बकऱ्यासारखा दिसतो. तिथल्या सायकलवाल्यांचा हा एक नंबरचा शत्रू. आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहरात २०१८ पासून चक्क गोटहेड फेस्ट भरतो. लोक आधी शहरभर हे तण उपटून गोळा करतात आणि मग सायकलचा उत्सव करतात. म्हणजे इंटरनेटवर एखादा अमेरिकन "ट्यूबलेसने माझं आयुष्य बदललं" म्हणत असेल, तर तो कुठल्या राज्यातला आहे ते बघा. गोटहेडच्या भागातला असेल तर त्याचा अनुभव आपल्याला लागू आहे. पावसाळी, काचा-चकमकीच्या इंग्लंडमधल्या माणसाचा तितका नाही.

सराट्याचा काटा लहान असतो, सेंटीमीटरच्या आत. भोक अगदी बारीक. सीलंटसाठी हा सोपा पेपर आहे.

दुसरी आपली बाभूळ. हिचा काटा लांब, सरळ, पांढरा, चांगला पाच सेंटीमीटरपर्यंतही जातो. शेताला कुंपण म्हणून बाभळीच्या फांद्या तोडून लावतात, त्या बैलगाडीवरून नेताना काटे रस्त्यावर पडतात. पांदण रस्त्यावर सायकल घातली की भेट ठरलेली. तिसरी वेडी बाभूळ, मूळची अमेरिका खंडातली, आता आपल्या नाल्याकाठी कायमची राहायला आलेली. या दोघींचा काटा टायरमधून आरपार जाऊन कधी कधी रिमच्या बाजूची पट्टीही टोचतो. ट्यूब असेल तर आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंना भोक. ट्यूबलेसमध्ये बाहेरचं भोक सीलंट बुजवतं, पण रिमची पट्टी फाटली तर हवा आऱ्यांच्या भोकांतून जाते. ते रस्त्यावर दुरुस्त होत नाही.

मग सगळे ट्यूबलेस करा म्हणू का?

थांबा. आता आपला दुसरा शत्रू येतो, तो म्हणजे ऊन.

सीलंटमध्ये पाणी असतं. ते हळूहळू उडतं, आणि मागे रबराचा वाळलेला पापुद्रा राहतो. कंपन्या साधारण दोन ते सहा महिन्यांनी सीलंट पुन्हा टाका म्हणतात, आणि कोरड्या, गरम हवेत त्याहून लवकर. आता अकोला मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातं, अमरावती फार मागे नसते. हवा कोरडी. सायकल गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडखाली. त्यामुळे मार्च ते जून दर महिन्या-दीड महिन्याने तपासायचं, हा माझा नियम आहे. चाक कानाजवळ धरून हलवा. आत खळखळ ऐकू आली तर ठीक. आवाज नाही म्हणजे औषध वाळलं. वाळलेल्या सीलंटवर चालणारं ट्यूबलेस म्हणजे ट्यूबही नाही आणि औषधही नाही. त्यापेक्षा साधी ट्यूब बरी.

म्हणून मी म्हणतो, ट्यूबलेस ही एकदा घ्यायची वस्तू नाही, ते सबस्क्रिप्शन आहे. रिचार्ज केलं नाही की सेवा बंद, फक्त मेसेज येत नाही.

उन्हाबद्दल अजून एक. "उन्हात हवा फुगते आणि टायर फुटतो" असं आपण लहानपणापासून ऐकतो. जरा हिशोब करू. पहाटे २८ अंशांना ६० पीएसआय हवा भरली. दुपारी तापलेल्या डांबरावर टायरमधली हवा ५८ अंशांवर गेली. तर दाब होतो साधारण ६७. सात पीएसआयने चांगला टायर फुटत नाही. फुटतो तो जुना, भेगाळलेला, किंवा आधीच कमाल मर्यादेपर्यंत हवा भरलेला. मात्र एक अपवाद लक्षात ठेवा. काही नव्या ट्यूबलेस रिमला आतून टायर धरणारी कड नसते, त्यांना हुकलेस म्हणतात. त्यांची मानकातली मर्यादा ७२.५ पीएसआय आहे. तिथे हे सात पीएसआय महत्त्वाचे. सकाळी भरतानाच जागा ठेवा.

आणि ट्यूबवाल्यांसाठी, गोंद न लावता चिकटणारे स्टिकरसारखे पॅच उन्हात सुटतात. त्यापेक्षा सोल्युशन लावून बसवलेला जुना पॅच भारी.

बंद पडल्यावर काय?

हा खरा प्रश्न. कारण पंक्चर कुठेही होऊ शकतं, फरक पडतो तो कुठे होतं याने.

अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोला, हा शंभरेक किलोमीटरचा राष्ट्रीय महामार्ग ५३. याच टप्प्यात जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनेस विक्रम झाला होता. रस्ता गुळगुळीत, त्यामुळे चिमट्याचं पंक्चर कमी. पण आपण चालवतो कडेच्या पट्टीवर, आणि तिथे ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसासारख्या तारा पडलेल्या असतात. त्या ट्यूबला हमखास टोचतात. पण इथे ठराविक अंतरावर पंक्चरचं दुकान आहे. पाण्याचं घमेलं, सोल्युशन, पॅच, सगळं मिळतं. ट्यूब असेल तर पंधरा-वीस मिनिटांत तुम्ही पुन्हा सायकलवर. ट्यूबलेसचं सीलंट मात्र त्या दुकानात बहुधा नसतं.

आता दुसरा रस्ता. परतवाड्यावरून घटांग, पुढे सेमाडोह. किंवा चिखलदऱ्याचा घाट. मेळघाटच्या जंगलात नेटवर्क येतं-जातं, दुकानं लांब लांब. मे महिन्याची दुपार, बाटलीत अर्धा लिटर पाणी, आणि ट्यूब बदलायला सावली नाही. तिथे पंक्चर म्हणजे पंधरा मिनिटांचा उशीर नव्हे. पाणी, ऊन आणि अंधार यांचा हिशोब चुकतो. माझ्या ओळखीत एकाला घाटाखाली दोन तासांत तीनदा ट्यूब बदलावी लागली, कारण पहिल्या काट्याचं टोक टायरमध्ये तसंच राहिलं होतं. तिसऱ्या वेळी त्याच्याकडचं पाणी संपलं होतं. एका दूधवाल्याच्या गाडीने त्याला खाली आणलं म्हणून बरं. अशा रस्त्यावर थांबावंच लागू नये, हा ट्यूबलेसचा सगळ्यात मोठा फायदा.

बीआरएम करणाऱ्यांनाही हे माहीत आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, आणि पंक्चर काढताना घड्याळ थांबत नाही. दोन कंट्रोलच्या मध्ये बाहेरची मदतही घेता येत नाही.

पण ट्यूबलेसवाल्यांनो, तुम्हीसुद्धा एक ट्यूब सोबत ठेवायचीच. चीर मोठी असेल तर आधी भोकात रबरी पट्टी खुपसायची, मोटरसायकलच्या दुकानात करतात तशीच, फक्त सायकलसाठी बारीक. त्यानेही नाही थांबलं तर वॉल्व्ह काढून आत ट्यूब टाकायची. आणि टाकण्याआधी टायर आतून हाताने, शक्यतो कापड धरून, पूर्ण तपासायचा. सीलंट भोकं बुजवतं, काटे काढत नाही. वर्षभर आपल्या रस्त्यांवर फिरलेल्या ट्यूबलेस टायरमध्ये सराट्याची डझनभर टोकं आत तोंड करून बसलेली असू शकतात. न बघता ट्यूब टाकली तर ती शंभर मीटरही टिकणार नाही.

करायचंच असेल तर आधी हे बघा

रिमवर आणि टायरवर, दोन्हीवर 'ट्यूबलेस रेडी' किंवा 'टीएलआर' लिहिलेलं हवं. एकावर असून चालत नाही. साध्या रिमला टेप गुंडाळून जुगाड करणारे व्हिडिओ भरपूर आहेत. पण वळणावर टायर रिमवरून सुटला तर हवा एका क्षणात जाते. उतारावर तो प्रयोग नको.

नवीन टायर रिमवर बसवायला एकदम जोरात हवा लागते. हातपंपाने दमायला होतं. कंप्रेसर असलेल्या दुकानात जा. बारीक वॉल्व्ह असेल तर प्रेस्टाचं अडॅप्टर सोबत न्या, आणि हवा भरताना आकड्यावर लक्ष ठेवा. सीलंट किती? २८ ते ३२ मिलिमीटरच्या रोड टायरला ४० ते ६० मिलीलिटर, २९ इंची माउंटन बाइकला ९० ते १२०.

ट्यूबवाल्यांचा मधला मार्ग

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा भाग ऐकणाऱ्या कितीतरी जणांकडे साधी सायकल आहे. मानव विकास कार्यक्रमात शाळेतल्या मुलींना मिळते तशी, किंवा बाबांची जुनी काळी सायकल. या रिमवर ट्यूबलेसचा विषयच नाही. पण काटा तोच आहे, आणि सकाळी सातला पंक्चर झालं तर पहिला तास बुडतो. तिच्यासाठी आणि बजेटवाल्या सगळ्यांसाठी तीन उपाय:

एक, टायर लायनर. टायर आणि ट्यूबच्या मध्ये बसणारी कडक प्लास्टिकची पट्टी. वजन थोडं वाढतं, पण सराटा बहुतेक वेळा तिथेच थांबतो. पट्टीचं टोक मात्र घासून गुळगुळीत करा, नाहीतर तेच ट्यूबला घासतं.

दोन, ट्यूबमध्ये टाकायचं सीलंट. ज्या वॉल्व्हचं आतलं काढता येतं त्यातून ते टाकता येतं. जुन्या सायकलच्या वॉल्व्हचं तर सगळं आतलं हातानेच निघतं.

तीन, फुकटातला उपाय. हवा बरोबर ठेवा, आणि मातीतून डांबरावर आल्यावर दोन्ही टायर एकदा बघा. सराटा घुसल्या घुसल्या आत जात नाही. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर थोडा थोडा खोल जातो. पहिल्या शंभर मीटरमध्ये काढला तर बऱ्याचदा ट्यूब वाचते. पावसाळ्यात काळी माती टायरला थापली जाते, तिच्यात लपलेला काटा दिसत नाही. माती खरवडून काढा, मग बघा.

तर निर्णय

तीन प्रश्न विचारा. माझी पंक्चरं बारीक काट्याची आहेत का? मी दुकानापासून लांबच्या रस्त्यावर नेहमी जातो का? आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी मी सीलंट खरंच तपासणार आहे का? तिन्हीला 'हाव' असेल तर ट्यूबलेस करा, पैसे वसूल होतील. तिसऱ्याचं उत्तर 'पाहू' असेल तर लायनर घाला, दोन ट्यूब सोबत ठेवा आणि निवांत राहा. ट्यूबचा खर्च शेकड्यात, ट्यूबलेसचा हजारांत, हेही विसरू नका.

माझ्यापुरतं सांगतो. भाजी आणि ऑफिसच्या चकरांसाठी जी सायकल आहे तिला ट्यूब आणि लायनर. मेळघाटाकडे जाणाऱ्या माउंटन बाइकला ट्यूबलेस. फोनमध्ये दर महिन्याच्या एक तारखेला 'चाक हलव' असं रिमाइंडर लावलंय.

तुमच्या टायरमधून निघालेल्या काट्याचा फोटो काढून ठेवा. वर्षभराचे फोटो एकत्र बघितले की ग्रुपवर विचारायची गरज राहणार नाही. पुढच्या भागात ब्रेक: रिम की डिस्क, चिखलदऱ्याचा घाट उतरताना. तोवर पाणी सोबत ठेवा, भेटू.